घरच्या नेटला स्वतःचा डीएनएस: रास्पबेरी पाय, पाय-होल आणि अनबाउंड, चौदा महिने वापरून

आधी प्रॉब्लेम सांगतो, कारण तो नाशिकमध्ये बऱ्याच घरांत असणार आणि लोकं स्पीड कमी आहे म्हणून प्लॅन वाढवत बसतात. आम्ही पाथर्डी फाट्याला राहतो, फायबर आहे, शंभर एमबीपीएसचा प्लॅन. बायको संध्याकाळी सात ते नऊ दहावीच्या मुलांचे गणिताचे ऑनलाईन क्लास घेते. रोज आठच्या आसपास असं व्हायचं की व्हॉट्सॲपवर मेसेज येतायत, चालू असलेला क्लास पण चालतोय, पण नवीन काही उघडायला गेलं की नुसतं गोल फिरत राहणार. एखाद्या मुलाचा क्लास मधेच तुटला तर त्याला परत आत येता येतं पण हिला लिंक उघडून त्याला पेपरची फाईल पाठवता येत नाही. कस्टमर केअरला फोन केला की एकच उत्तर, राउटर बंद करून चालू करा, आमच्याकडून लाईन ओके दिसतेय.

आणि लाईन खरंच ओके होती, हे मला फार उशिरा कळलं. एकदा असंच अडकलेलं असताना लॅपटॉपवरून गुगलच्या ८.८.८.८ या पत्त्याला पिंग करून, म्हणजे तिथपर्यंत पोचतंय का ते विचारून बघितलं तर धडाधड उत्तरं येत होती, आणि त्याच मिनिटाला कुठल्याही साईटचं नाव टाकलं की सापडत नाही म्हणत होतं. म्हणजे रस्ता मोकळा, फक्त पत्ता सांगणारा माणूस जागेवर नाही. पंचवटीत जुन्या गल्लीत कोणाचं घर शोधायचं तर आपण कोपऱ्यावरच्या दुकानात विचारतो ना, त्याला माहीत असलं तर तो लगेच सांगतो नाहीतर पुढच्या चौकात विचारून येतो. नेटवर हे काम डीएनएस सर्व्हर करतो, नाव द्या आणि आयपी पत्ता, म्हणजे आकड्यांतला पत्ता, घ्या. ते दुकान बंद असलं तरी घर तिथेच असतं पण तुम्ही पोचत नाही. आधीपासून चालू असलेली जोडणी चालत राहते कारण तिला पत्ता परत विचारायची गरजच नसते, म्हणून व्हॉट्सॲप चालतं आणि साईट उघडत नाही. हे लक्षण नीट लक्षात ठेवा, तुमच्याकडे असंच होत असेल तर प्लॅन वाढवून काही उपयोग नाही.

सगळ्यात सोपा उपाय पहिला सांगतो, आणि ऐंशी टक्के लोकांना तेवढ्यावर थांबलं तरी चालेल. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन कंपनीच्या डीएनएसऐवजी गुगलचा ८.८.८.८, क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ किंवा क्वाड नाईनचा ९.९.९.९ टाका. गुगलचा २००९ पासून आहे, क्वाड नाईन २०१७ चा, क्लाउडफ्लेअरचा २०१८ चा, तिन्ही फुकट. क्वाड नाईन फसव्या आणि व्हायरसवाल्या साईटची नावं आपणहून अडवतो म्हणून घरात वयस्कर माणसं असतील तर मी तो सांगेन. पाच मिनिटांचं काम आहे.

मी पण तेच केलं होतं, पण माझ्याकडे फरक पडला नाही. संध्याकाळी तेच रडगाणं. मग एक टेस्ट केली, ती तुम्ही पण करा. १९२.०.२.१ हा पत्ता पुस्तकात उदाहरणं द्यायला राखून ठेवलेला आहे, जगात कुठेही तिथे मशीन नाही. त्या पत्त्याला मी डीएनएसचा प्रश्न विचारला. उत्तर यायलाच नको, वाट बघून टाईमआउट व्हायला पाहिजे. पण मला व्यवस्थित उत्तर आलं! म्हणजे पोर्ट ५३ वरून, म्हणजे डीएनएसचे प्रश्न ज्या दारातून जातात तिथून, जो काही प्रश्न बाहेर जातोय तो मधेच पकडून कंपनी आपल्याच सर्व्हरकडे वळवत होती, मी ८.८.८.८ लिहू दे नाहीतर काहीही लिहू दे. पैसे भरणाऱ्या माणसाला न सांगता असं करणं मला अजिबात पटलं नाही आणि आजही पटत नाही. तोवर तोडगा म्हणून डीएनएस ओव्हर टीएलएस वापरला, ते पोर्ट ८५३ वरून कूटबद्ध जातं त्यामुळे मधे कोणी वळवलं तर जोडणीच होत नाही, गुपचूप खोटं उत्तर मिळत नाही. नंतर वर्ष संपल्यावर कनेक्शनच बदललं, आणि नवीन कनेक्शनवाला माणूस वायर टाकायला आला तेव्हा आधी ही टेस्ट करून घेतली मगच पैसे दिले.

आता मूळ रिव्ह्यू. माझा सेटअप असा आहे: एक रास्पबेरी पाय ४, दुसरा रास्पबेरी पाय झिरो २ डब्ल्यू (रास्पबेरी पाय म्हणजे हातात मावणारा छोटा कॉम्प्युटर), दोन्हीवर पाय-होल आणि अनबाउंड. पाय ४ एम. जी. रोडवर एका दुकानातून घेतला, झिरो ऑनलाईन मागवला. खरं सांगायचं तर डीएनएसचं काम इतकं हलकं आहे की पाय ४ ची गरजच नाही, झिरो २ डब्ल्यूला फक्त ५१२ एमबी रॅम आहे तरी चार माणसांचे फोन, टीव्ही, लॅपटॉप सगळं तो आरामात ओढतो. फक्त झिरोला लॅनचं पोर्ट नाही, वायफायवर ठेवलात तर राउटरने जरा श्वास घेतला की डीएनएस गायब. थोडे पैसे जास्त गेले तरी चालतील पण मायक्रो यूएसबीला लागणारा लॅन ॲडॅप्टर घ्या आणि वायरनेच जोडा. घरात जुना लॅपटॉप किंवा छोटा पीसी पडून असेल तर त्यावर पण हेच सगळं चालतं, पाय घ्यायलाच पाहिजे असं नाही.

पाय-होल म्हणजे काय तर घरातल्या सगळ्या उपकरणांचे नावांचे प्रश्न याच्याकडे येतात आणि जाहिराती, ट्रॅकर यांची जी यादी असते त्यातलं नाव आलं की हा सांगतो असा पत्ताच नाही. बाकीचं पुढे पाठवतो. इन्स्टॉल करायला एक कमांड आणि चारपाच प्रश्नांची उत्तरं, अर्धा तास पुरे. ब्राउझरमध्ये त्याचं पान उघडलं की कोणत्या उपकरणाने कधी कोणतं नाव विचारलं सगळं दिसतं, आणि हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी हबकलोच. रात्री दोन वाजता, घरातले सगळे झोपलेले, टीव्ही बंद, म्हणजे आपण ज्याला बंद म्हणतो तो, आणि तो टीव्ही दर काही मिनिटांनी कुठल्यातरी मोजणी करणाऱ्या सर्व्हरचं नाव विचारतोय. आमच्याकडे साधारण पाचातला एक प्रश्न अडवला जातो. बाबा लासलगावचे कांद्याचे भाव रोज सकाळी फोनवर बघतात, त्या पानावर आधी इतक्या जाहिराती उड्या मारायच्या की भाव बघता बघता भलत्याच ठिकाणी बोट लागायचं आणि काहीतरी डाउनलोड व्हायचं. आता नुसता तक्ता दिसतो. माझ्या मते नुसत्या एवढ्यासाठी सुद्धा पाय-होल लावावा.

काय होत नाही ते पण सांगतो. यूट्यूबच्या जाहिराती याने जात नाहीत, त्या व्हिडिओ जिथून येतो तिथूनच येतात, ते नाव अडवलं तर व्हिडिओच बंद. आणि कधीकधी नको ते अडवलं जातं, खरेदीच्या मेसेजमधली लिंक बहुतेक वेळा मधल्या कुठल्यातरी मोजणीच्या साईटवरून फिरून जाते, ती अडली की बायको हाक मारते. त्याला पाच मिनिटं ब्लॉकिंग बंद ठेवायचं बटण आहे, ते तिला फोनवर शॉर्टकट करून दिलंय, ते फार कामाचं. पहिला महिना याद्या कमी ठेवा. इंटरनेटवर लोकं वीसवीस याद्या टाकतात आणि मग बँकेचं ॲप चालत नाही म्हणून पाय-होलला नावं ठेवतात.

अनबाउंड हा मात्र या सगळ्यातला खरा हिरा आहे आणि त्याच्याबद्दल कमी बोललं जातं. नेदरलँड्सच्या एनएलनेट लॅब्सने बनवलाय, २००८ पासून आहे, फुकट आणि मुक्त. पाय-होल स्वतः पत्ता शोधत नाही, तो पुढे कोणालातरी विचारतो, आणि तो पुढचा कोणीतरी गुगल असण्याऐवजी तुमच्याच डब्यातला अनबाउंड असू शकतो. हा थेट मुळापासून विचारत येतो, आधी रूट सर्व्हर, त्यांची नावं तेरा, ए पासून एम पर्यंत, पण प्रत्यक्षात जगभर दीड हजाराहून जास्त ठिकाणी त्यांच्या प्रती आहेत. रूट सांगतो डॉट इनवाले कुठे आहेत, डॉट इनवाले सांगतात त्या साईटचा नेमसर्व्हर, म्हणजे तिचा पत्ता जगाला सांगणारा सर्व्हर, कुठे आहे, आणि तो सांगतो पत्ता. १९८३ साली पॉल मोकापेट्रिस यांनी ही पद्धत काढली, त्याच्याआधी सगळ्या जगाची नावं एका फाईलमध्ये असायची आणि ती सगळ्यांनी उतरवून घ्यायची. आज चाळीस वर्षं झाली तरी तीच पायरीपायरीने विचारायची पद्धत चालू आहे, मला याचं खरंच कौतुक वाटतं.

पहिल्यांदा नवीन नाव विचारलं की अनबाउंड गुगलपेक्षा हळू वाटेल, कारण तो स्वतः तीन ठिकाणी फिरून येतोय. पण एकदा मिळालं की ते त्याच्या कॅशमध्ये राहतं आणि पुढच्या वेळी एका मिलिसेकंदात उत्तर. यात दोन सेटिंग आवर्जून चालू करा. एक प्रीफेच, म्हणजे साठवलेल्या उत्तराची मुदत शेवटच्या दहा टक्क्यांवर आलेली असताना कोणी ते नाव विचारलं की तो लगेच ताजं आणून ठेवतो. दुसरं सर्व्ह एक्स्पायर्ड, म्हणजे मुदत संपलेलं उत्तर सुद्धा तात्पुरतं देऊन टाकायचं आणि मागून नवीन शोधायचं. आपल्याकडे पावसाळ्यात लाईन दोनदोन मिनिटांसाठी जाते येते, आणि आता सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते खोदतायत तर वायरला कधी धक्का लागेल सांगता येत नाही, अशा वेळी लाईन परत आल्याक्षणी सगळं चालू होतं, नावं शोधायची झुंबड उडत नाही. हे सेटिंग मुळात बंद असतं, ते हाताने चालू करावं लागतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. एक पाय पुरत नाही, दोन पाहिजेत. सुरुवातीचे चार महिने माझ्याकडे एकच होता आणि राउटरच्या पानावर प्रायमरी डीएनएस म्हणून पायचा पत्ता आणि सेकंडरी म्हणून ८.८.८.८ टाकलेला. मला वाटायचं की पाय पडला तरच दुसरा वापरला जाईल. तसं नसतं! प्रायमरी सेकंडरी ही नुसती नावं आहेत, फोन किंवा टीव्ही दोन्हीपैकी कोणालाही विचारू शकतो, काही आलटूनपालटून विचारतात, काही जो आधी उत्तर देईल त्याचं घेतात. त्यामुळे पाय-होल धडधाकट चालू असताना सुद्धा बाबांच्या फोनवर अर्ध्या जाहिराती दिसायच्या आणि मी याद्या तपासत बसायचो. आणि सेकंडरीची जागा रिकामी ठेवली तर पाय बंद पडला की अख्खं घर बंद, म्हणजे कंपनीच्या सर्व्हरसारखाच प्रकार, फक्त आता शिव्या खाणारा मी. म्हणून दुसरा डबा. राउटरच्या डीएचसीपीत, म्हणजे घरातल्या उपकरणांना नेटची सेटिंग वाटणाऱ्या भागात, दोन पत्ते, दोन्ही आपलेच, दोन्हीवर तीच यादी. एकावर बदल केला की पाय-होलच्याच टेलिपोर्टर सोयीने सेटिंगची फाईल काढून दुसऱ्यावर टाकतो, महिन्यातून एकदा, दोन मिनिटं लागतात. आणि दोन्ही डबे एकाच एक्स्टेंशन बोर्डवर ठेवू नका, माझा एक हॉलमध्ये राउटरजवळ आहे आणि दुसरा आतल्या खोलीत वेगळ्या सॉकेटवर. अपडेट पण एका दिवशी एकाच डब्याला करतो, चार दिवस नीट चालला की मग दुसऱ्याला.

लाईटचं सांगायचं राहिलं. बारा व्होल्टचा छोटा राउटर यूपीएस मिळतो तो घ्या, राउटर आणि फायबरचा डबा दोन्ही त्यावर टाका. त्याला जे पाच व्होल्टचं यूएसबी असतं त्यावर पाय ४ टाकायचा मोह आवरा. मी टाकला होता, चालू झाला, हिरवा दिवा लागला, सगळं छान, आणि रोज दोनतीनदा आपोआप रीस्टार्ट. लॉगमध्ये बघितलं तर अंडरव्होल्टेजची लांबच लांब रांग, पायला ४.६३ व्होल्टच्या खाली गेलेलं चालत नाही आणि त्या पातळ वायरमध्येच तेवढं पडत होतं. झिरो मात्र त्यावर मजेत चालतो. पाय ४ आता इन्व्हर्टरच्या लाईनवर त्याच्या मूळ ॲडॅप्टरनेच आहे. अशा अर्धवट रीस्टार्टमुळे मेमरी कार्ड पण जातं, माझं एक गेलं. पाय-होल दर मिनिटाला कार्डवर नोंदी लिहितो, ते सेटिंगमध्ये तासावर नेऊन ठेवा, कार्डाचं आयुष्य वाढतं.

आणि दिवाळीची गोष्ट. नऊ दिवस गावाला गेलो होतो चांदवडकडे, बाबांनी निघताना मेन स्विच बंद केला, ते नेहमी करतात, आणि बरोबरच आहे. परत आलो, सगळं चालू केलं, दोन्ही पाय चालू, नेट चालू, पण एकही साईट उघडेना. दोन्हीकडे तोच एरर. तासभर डोकं फोडल्यावर तारखेकडे लक्ष गेलं, दोन्ही पाय नऊ दिवस मागे होते. पाय ४ आणि झिरो दोघांत बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं, बंद होतानाची वेळ धरून ते परत सुरू होतात आणि मग नेटवरून वेळ जुळवतात. अनबाउंड डीएनएससेक तपासतो, म्हणजे उत्तरावरची सही खरी आहे का आणि मुदतीत आहे का ते बघतो. त्याच्या घड्याळाप्रमाणे त्या सह्या भविष्यातल्या होत्या, म्हणून तो प्रत्येक उत्तर नाकारत होता. आणि वेळ जुळवायला वेळेच्या सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, ते नाव हाच अनबाउंड शोधणार! घड्याळ चुकलं म्हणून नाव नाही आणि नाव नाही म्हणून घड्याळ चुकलेलंच. एकदोन तासाच्या लाईट जाण्याने हे होत नाही, तेवढी सूट तो देतो, पण आठवडाभर बंद राहिला की शंभर टक्के. हाताने तारीख टाकली आणि दोन मिनिटांत सगळं सुरळीत. मग डीएस३२३१ नावाचं छोटं घड्याळाचं मॉड्यूल आणलं, गोल सेलवर चालतं, पायच्या पिनांवर बसतं, शे-दोनशे रुपयांत येतं. दोघांनाही लावलं. मे महिन्यात परत आठ दिवस बंद ठेवून गेलो, आल्यावर काहीच करावं लागलं नाही. कोणीही अनबाउंड लावणार असेल तर हे पहिल्याच दिवशी घ्या.

अजून एक गळती असते, आयपीव्ही६, म्हणजे आयपी पत्त्यांची नवीन पद्धत (जुनी ती आयपीव्ही४). बऱ्याच कंपन्या आता आयपीव्ही६ देतात आणि राउटर त्याच्यातून कंपनीचा डीएनएस वेगळा वाटत असतो, तुम्ही आयपीव्ही४ मध्ये कितीही नीट केलं तरी फोन तिकडून विचारतात. राउटरच्या आयपीव्ही६च्या पानावर पण पायचाच पत्ता टाका. कंपनीच्या डब्यात हे बदलता येत नसेल तर मागे स्वतःचा राउटर लावावा लागेल. अँड्रॉईडमध्ये प्रायव्हेट डीएनएसला कुठलं नाव टाकलेलं असेल तर तो फोन पायला विचारतच नाही, ते पण बघा. आणि काहीही झालं तरी राउटरमधून पोर्ट ५३ बाहेरच्या जगाला उघडून द्यायचं नाही, असे उघडे सर्व्हर शोधून त्यांच्यामार्फत दुसऱ्यांवर हल्ले करतात, लहान प्रश्न पाठवून मोठं उत्तर भलत्याच्या अंगावर सोडायचं असा तो प्रकार असतो.

मेव्हण्याने विचारलं म्हणून हेही लिहितो. त्याचं पिंपळगावला ठिबकचं दुकान आहे, स्वतःचं डोमेन आहे, तो म्हणाला तुझ्याकडे दोनदोन नेमसर्व्हर आहेत तर माझ्या डोमेनचा पण त्यावरच ठेव. हे काम वेगळं आहे. माझे डबे घरातल्यांसाठी बाहेरचे पत्ते शोधतात, त्याला पाहिजे ते म्हणजे जगाला त्याच्या दुकानाचा पत्ता सांगणारा. त्यासाठी बाहेरून आत यायला स्थिर आयपी लागतो आणि बहुतेक घरगुती कनेक्शनवर अनेक घरांमागे एकच आयपी असतो, राउटरमध्ये १०० पॉइंट ६४ पासून १०० पॉइंट १२७ पर्यंतचा पत्ता दिसला की समजा तुम्ही तसल्या कनेक्शनवर आहात. शिवाय एका डोमेनला निदान दोन नेमसर्व्हर लागतात आणि ते वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या नेटवर्कवर हवेत, १९९७ च्या आरएफसी २१८२ या इंटरनेटच्या अधिकृत कागदात हे स्पष्ट लिहिलंय. एका घरातले दोन पाय म्हणजे दोन नव्हेत, लाईन तुटली की दोन्ही गेले. हौसच असेल तर मुख्य सर्व्हर घरी लपवून ठेवायचा आणि जगाला सेकंडरी, म्हणजे त्याच्या नोंदींची प्रत ठेवणारे सर्व्हर, दाखवायचे, हरिकेन इलेक्ट्रिक नावाची कंपनी अशी सेकंडरी सेवा फुकट देते, आणि झोनमध्ये, म्हणजे डोमेनच्या नोंदींच्या फाईलमध्ये, एक्स्पायरची मुदत दोन ते चार आठवडे ठेवायची म्हणजे घर आठदहा दिवस बंद असलं तरी बाहेरचे सर्व्हर उत्तर देत राहतात. पण एका दुकानाच्या साईटसाठी मी त्याला सरळ सांगितलं, डोमेन जिथून घेतलंस तिथलाच डीएनएस वापर.

माझं रेटिंग, पाय-होलला पाचपैकी चार, अनबाउंडला पाचपैकी पाच. फक्त साईट उघडत नाहीत एवढाच त्रास असेल आणि तुमची लाईन वळवलेली नसेल तर राउटरमध्ये ९.९.९.९ टाका, काहीही विकत घेऊ नका. घरात क्लास, वर्क फ्रॉम होम, लहान मुलं, वयस्कर माणसं असतील तर दोन झिरो २ डब्ल्यू, दोन लॅन ॲडॅप्टर, दोन घड्याळाची मॉड्यूल आणि एक राउटर यूपीएस घ्या, आणि एक रविवार द्या. पाय ४ चा खर्च करू नका. परवा आतल्या खोलीतल्या झिरोचं कार्ड बदलायला तो संध्याकाळी साडेसातला काढला, म्हणजे ऐन क्लासच्या वेळी, वीस मिनिटं बंद होता, पलीकडे बायको वर्गसमीकरणं शिकवत होती आणि मुलांना फाईली पाठवत होती.